पडताळणी होऊ शकली नाही

१९ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,

नमस्कार. आईलाही सांग, जरा मोठ्यानं सांग, नाहीतर ती "कोण गेलं?" म्हणून घाबरेल. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने बंद सांगितले असताना तू गच्चीवर गाद्या वाळत घालायला गेलीस, हे माझ्यापर्यंत पोचलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, तुझ्या घरात माझी माणसं आहेत.

आम्ही बरे आहोत. चिंगीची दहावी सुरू झाली. उंचीनं ती माझ्या पुढे गेलीय, बोलण्यात तर केव्हाच गेली होती. तिचा बाबा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिवसभर काम करतो आणि आम्ही दोघी ताटं मांडीवर घेऊन जेवतो. फोनवर हे सगळं सांगितलं असतं, पण आई तुला स्पीकर लावायला लावते आणि मग आपण दोघी हवापाण्यावर बोलत बसतो. म्हणून पत्र. माझ्या शाळेतले संगीताचे सर सुट्टीवर तिकडे येताहेत, त्यांच्या हाती देतेय.

आता मुद्द्यावर येते. ताई, पुन्हा कागद.

हो, पुन्हा. नोकरीला लागले तेव्हा तपासले. मुख्याध्यापिका बदलल्या तेव्हा तपासले. राहण्याच्या परवान्याचा प्रकार बदलला तेव्हा तपासले. तेच बी.एस्सी., तेच एम.एस्सी., तेच बी.एड. आता इथल्या सरकारनं हे काम एका खाजगी कंपनीला दिलंय आणि त्या कंपनीला आधीचं काहीच मान्य नाही. बाहेरून आलेल्या प्रत्येक शिक्षकानं पहिल्यापासून सगळं पुन्हा द्यायचं.

कंपनीचं ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. रबराचा वास खात आम्ही जिन्यात रांग लावली. खिडकीतल्या बाईनं माझी पदवी उलटी धरून उजेडात बघितली, नोट खोटी आहे का बघतात तशी.

"यावर आडनाव वेगळं आहे."

"ते माझं माहेरचं."

"म्हणजे ही बाई दुसरी."

"नाही हो, ती मीच. हा लग्नाचा दाखला."

तिनं दाखला वाचला. "यावर विद्यापीठाचा शिक्का नाही."

"लग्न विद्यापीठानं लावलं नव्हतं," मी म्हटलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. ती हसली नाही. तिनं माझ्या फाइलवर लाल खूण केली.

तळपायाची आग मस्तकाला गेली, पण गप्प बसले. घरी येईपर्यंत गप्प होते. घरी आल्यावर चिंगीच्या बाबानं विचारलं, "काम झालं का?" आणि बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

माझ्या शेजारच्या वर्गावर खेळाचे सर गणित शिकवतात. गणिताची पोस्ट रिकामी आहे म्हणून त्यांना बसवलंय. परवा स्टाफरूममध्ये मला हळूच म्हणाले, "वजा गुणिले वजा अधिक का होतं, ते सांगून टाका ना. उद्या शिकवायचंय." मी सांगितलं. माणूस दिलदार आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांची पदवी कुणी उजेडात धरत नाही. ते इथले आहेत ना!

तुला मास्तर आठवतात का? फोटोत चिंगीच्या शेजारी उभे होते ते, पांढऱ्या मिश्यांचे. रसायनशास्त्र शिकवतात. तेही आमच्यासारखेच बाहेरचे, पण दुसऱ्याच देशातले. आयुष्यभर मास्तरकीच केली, म्हणून आम्ही घरात त्यांना मास्तर म्हणतो. त्यांचं विद्यापीठ युद्धात जळालं. इमारत, दप्तर, सगळं. जिन्यात मला म्हणाले, "यांना माझ्या कुलसचिवांचं पत्र हवंय. कुलसचिवांना कुठे पुरलंय तेही मला माहीत नाही." आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

आता मागणं. मला आपल्या विद्यापीठाचं पत्र हवंय, पदवी खरी आहे असं, बंद लिफाफ्यात, तोंडावर शिक्का मारून. मधल्या काळात आपलं विद्यापीठ दुभंगलं, हे तुला माहीत आहेच. जुनं म्हणणार नव्याकडे जा, नवं म्हणणार ते वर्ष आमचं नाही. गेल्या वेळी तू किती खेटे घातलेस ते मी विसरलेली नाही. पुन्हा सांगताना जीभ जड होते. रिक्षानंच जा आणि जिना असेल तर शिपायाला खाली बोलाव.

तुझी,
धाकटी


८ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. लिफाफा मिळाला. तू जिना चढलीस, हेही कळलं. त्या कारकुनानं "मॅडमनी स्वतः यायला पाहिजे" म्हटल्यावर तू त्याच्या टेबलासमोर डबा उघडून जेवायला बसलीस, हे वाचून आम्ही तिघं पोट धरून हसलो. चिंगी म्हणाली, मावशीलाच इथे पाठवा, कंपनी बंद पडेल.

लिफाफा मी न उघडता नेऊन दिला. आठवड्यानं परत आला. कारण काय, तर शिक्क्याची कड लिफाफ्याच्या तोंडावरून थोडी सरकलेली आहे, तेव्हा "लिफाफा हाताळला गेल्याची शक्यता नाकारता येत नाही." ताई, लिफाफा हातानंच हाताळतात! पायानं हाताळायची सोय आपल्या विद्यापीठात अजून झालेली नाही.

असो. हसण्यावारी नेतेय, पण पोटात वेगळंच आहे. सांगायला घेतलंय आणि पेन अडतंय.

मास्तरांना काढलं.

कंपनीनं त्यांच्या नावापुढे लिहिलं, "पडताळणी होऊ शकली नाही." एवढंच. शाळेच्या ऑफिसात त्याचं "अपडताळित कागदपत्रं" झालं. पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत "बनावट पदवी" झालं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्वतःच्या पत्रात, मुख्याध्यापिकांच्या सहीनिशी, तोच शब्द: बनावट.

प्रयोगशाळा माझ्या वर्गासमोरच आहे, मधे नुसता काचेचा दरवाजा. मी फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत होते. समोर मास्तरांचा तास चालू होता, टेबलाटेबलावर बर्नर पेटलेले. ऑफिसच्या पर्यवेक्षिका आल्या, मागे दारावरचा सुरक्षारक्षक. त्या म्हणाल्या, "तुम्ही आत्ता आमच्याबरोबर चला. वर्गात थांबायची तुम्हाला परवानगी नाही."

मास्तर म्हणाले, "येतो. आधी गॅस बंद करू द्या."

"ते आम्ही बघू."

"तुम्हाला येणार नाही," मास्तर म्हणाले, अगदी साधेपणानं. मग ते प्रत्येक टेबलापाशी गेले. प्रत्येकाकडून चावी बंद करून घेतली, स्वतः हात लावून बघितली. मुलांना हात धुवायला लावले. सुरक्षारक्षक दारात ताटकळत उभा होता. शेवटी त्यांनी अंगातला पांढरा कोट काढला, खुंटीला लावला आणि त्या दोघांच्या मधून चालत गेले. माझ्या दारासमोरून जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाहू नये, असं त्यांना वाटलं असणार.

दुपारी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. प्रयोगशाळेचा तास आता रिकामा, तेव्हा ती मुलं तुमच्याकडे बसतील, आणि त्यांना सांगा की सर आजारी आहेत.

मी "बरं" म्हटलं.

मुलं आली. एका मुलीनं विचारलं, "मिस, सर खोटे आहेत का?"

पुढचं पुढच्या पत्रात. आणि ताई, तो लिफाफा पुन्हा आणायला जाऊ नकोस. का ते आत्ता विचारू नकोस. फोनवर तर अजिबात नको, चिंगीचा बाबा सध्या फोनच्या आसपास असतो.

तुझी,
धाकटी


२१ जानेवारी

ताई,

तुझे दोन फोन मी घेतले नाहीत. तिसरा घेतला आणि थंडी खूप आहे असं सांगितलं. तू ओळखलंस आणि फोन ठेवलास. बरं केलंस.

त्या मुलीला मी खरं सांगितलं. म्हटलं, "सर खोटे नाहीत. त्यांचं विद्यापीठ जळालं. जळलेल्या ठिकाणाहून पत्र येत नाही, एवढंच झालंय. आणि ते आजारी नाहीत, त्यांना काढलंय." मुलं घरी गेली, पालकांचे फोन आले. मला पहिली समज मिळाली.

दुसरी गोष्ट त्या महिनाअखेरच्या सभेत झाली. कंपनीचा माणूस आला होता. एकेक बाहेरचा शिक्षक उठून फाइल नेऊन देत होता. माझं नाव आलं. खरं सांगते ताई, लिफाफा नको असं तुला कळवलं होतं, तरी सभेत बोलायचं मी काही ठरवून गेले नव्हते. फाइल हातात होती. मी उभी राहिले आणि फाइल खुर्चीवर ठेवली.

मी म्हटलं, "माझे कागद याआधी तीनदा तपासून झालेत. या खोलीतल्या सगळ्यांचे तपासा, इथल्यांचे आणि बाहेरच्यांचे. मग माझे चौथ्यांदा घ्या. नाहीतर मी देणार नाही."

तो म्हणाला, "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"सगळ्यांना सारखा असता तर मी आज इथे एकटी उभी नसते."

मी एकटीच होते. संगीताचे सर बुटांकडे बघत होते. इंग्रजीच्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. खेळाचे सर तेवढे म्हणाले, "माझे तपासा की, माझी काही हरकत नाही," तर मुख्याध्यापिकांनी त्यांना खाली बसवलं. सभा संपल्यावर मात्र व्हरांड्यात एकेकानं येऊन माझा हात दाबला. "बरं झालं बोललीस. आमच्याही मनात हेच होतं." मला त्या क्षणी कंपनीपेक्षा यांचा राग आला. मनात होतं तर तोंडाला काय झालं होतं? पण प्रत्येकाच्या मागे घर आहे, हेही मला कळतं. कळतं म्हणूनच तर जास्त चीड येते. याच भरवशावर हे सगळं चालतं.

मग मुख्याध्यापिकांनी मला आत बोलावलं. कॉफी दिली. म्हणाल्या, "तुमची मुलगी यंदा दहावीला आहे. परीक्षेपर्यंत तुम्ही इथे असायला हवं, मलाही वाटतं." एक कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की मी सभेतलं बोलणं मागे घेते. हे मी कदाचित गिळलं असतं. पण खाली आणखी एक परिच्छेद होता: "आपली पदवी तपासून मंजूर झालेली आहे असं सदर रसायनशास्त्र शिक्षक माझ्यासमोर वारंवार सांगत असत." म्हणजे फसवणूक त्यांनी केली आणि शाळा बिचारी भोळी! त्यांनी तसं कधीच सांगितलं नव्हतं. उलट मुलाखतीतच, मी शेजारी बसले होते, त्यांनी मुख्याध्यापिकांना जळक्या इमारतीचे फोटो दाखवले होते, तेव्हा बाईंनी मान हलवून त्यांना नोकरीवर घेतलं होतं.

मी कॉफी संपवली. सही केली नाही.

घरी सांगितलं. चिंगीच्या बाबानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "तुझा स्वाभिमान बरोबर आहे. पण त्याची किंमत चिंगी मोजणार आहे, ते तुला चालणार आहे का?" मी म्हटलं, "मग काय, खोटी साक्ष देऊ?" तो म्हणाला, "मी तसं म्हटलं नाही. पण तू विचारायलाही आली नाहीस. नोकरी तुझी, परवाना तुझा, आम्ही दोघं त्या परवान्याला लटकलेलो." तेव्हापासून आम्ही भाजी, किल्ली, गिझर एवढंच बोलतो.

आणि चिंगी. मला वाटलं होतं ती माझ्या बाजूनं उभी राहील, मास्तरांची ती लाडकी. ती म्हणाली, "आई, तुझं बरोबर आहे. सगळ्यांसमोर सांगेन, तुझं बरोबर आहे. पण माझं वर्ष आहे ना? मला विचारायला हवं होतंस." आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं हळूच लावलं.

आता मी एवढी पानं कशासाठी लिहिली ते सांगते. जे सांगायचं ते सोडून मी बाकी सगळं सांगत बसलेय.

सही केली नाही म्हणून महिनाअखेरीला माझी नोकरी संपते. नोकरीबरोबर तिघांचे परवाने संपतात. चिंगी परीक्षेला इथे बसू शकत नाही. ती आणि तिचा बाबा पुढच्या रविवारी तुझ्याकडे येताहेत. तिला दहावी तिकडे पुन्हा करावी लागेल.

मी येत नाहीये. मास्तरांनी शिक्षणखात्याकडे अपील केलंय आणि साक्षीदार म्हणून माझं नाव दिलंय. साक्षीदाराला सुनावणीपर्यंत राहता येतं, त्याच्या कुटुंबाला नाही. नियम असा आहे. सुनावणी कधी, ते कुणी सांगत नाही.

तू म्हणशील, परक्या माणसासाठी पोटच्या पोरीला पाठवून दिलंस. म्हण. पण ताई, उद्या चिंगी कुठे नोकरीला गेली आणि कुणी तिला दोन माणसांच्या मधून वर्गाबाहेर काढलं, तर शेजारच्या वर्गातल्या बाईनं काय करावं, असं तुला वाटतं?

चिंगीला पुढची खोली दे, तिला उजेड लागतो. तिच्याकडून माझ्याबद्दल काही वदवून घ्यायला जाऊ नकोस.

धाकटी


६ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. सुनावणी झाली. हे पत्र माझ्याआधी पोचेल की मी आधी, सांगता येत नाही. तरी लिहिते, कारण तोंडानं सांगायला गेले तर मी ओरडेन.

लांब टेबल, पलीकडे तिघं. मधले अध्यक्ष, त्यांना सर्दी झालेली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. शाळेतर्फे एक वकील होता. माझी पाळी आली. मी बोलायला सुरुवात केली तर वकील उठून म्हणाला, "या बाई स्वतःला शिक्षिका म्हणवतात. पण यांचीही पडताळणी अपूर्ण आहे. मग यांची साक्ष शिक्षिकेची साक्ष म्हणून कशी धरायची?"

ताई, मी म्हटलं, "मग बाई म्हणून धरा. काचेतून पाहिलं ते डोळ्यांनी पाहिलं. डोळ्यांची पदवी मागणार आहात का?"

अध्यक्षांनी नाक पुसलं आणि वकिलाला खाली बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं. मुलाखतीतले फोटो, गॅसच्या चाव्या, माझ्यापुढे सरकवलेला कागद. मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत नव्हत्या. मग अध्यक्षांनी वकिलाला विचारलं, "कंपनीच्या अहवालात 'बनावट' हा शब्द कुठे आहे? मला दाखवा." तो पानं उलटत राहिला. पुढून मागे, मागून पुढे. शब्द नव्हताच.

निकाल असा: शाळेनं "बनावट" हा शब्द मागे घ्यावा आणि सगळ्या पालकांना तसं लेखी कळवावं. मास्तरांच्या नावापुढे कायम राहणार, "पडताळणी होऊ शकली नाही." नोकरी परत नाही. नियमात बदल नाही.

बाहेर पायऱ्यांवर मास्तरांनी निकालाचा कागद दोनदा वाचला. म्हणाले, "एका शब्दासाठी तू घर उधळलंस."

"शब्द लहान नव्हता," मी म्हटलं.

ते पायरीवर बसले. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले. त्यांचा मुलगा तिसऱ्याच देशात असतो, त्याच्याकडे निघालेत. तिथे शिकवणार का विचारलं, तर म्हणाले, "तिथेही खिडकी असेलच." आणि मग या माणसानं, ज्यानं इतक्या दिवसांत एकदाही आवाज चढवला नव्हता, त्यानं एक शिवी घातली. त्यांच्या भाषेतली. मला अर्थ कळला नाही, पण फार बरं वाटलं.

शाळेनं पालकांना पत्र पाठवलं, दोन ओळींचं. ज्या पालकांनी ग्रुपवर आरडाओरडा केला होता, त्यांच्यापैकी एकानंही त्यावर अवाक्षर काढलं नाही. रसायनशास्त्राला अजून शिक्षक मिळालेला नाही. प्रयोगशाळेला कुलूप आहे.

मी गुरुवारी निघतेय. मला लगेच कुठल्या शाळेत चिकटवायला बघू नकोस. अर्जाबरोबर कागद जोडायचे म्हटलं तरी सध्या माझं डोकं फिरतं. राग गेला का विचारशील, तर नाही. आई म्हणेल, देवाचं नाव घे, सोडून दे. सोडून दिल्यावरच तर असं सगळं चालतं.

चिंगीच्या बाबाशी फोनवर बोलणं झालं. "ये, मग बघू," म्हणाला. एवढंही त्याच्याकडून खूप आहे.

चिंगी फोनवर येत नाही. तू तिची समजूत घालत असशील तर थांबव. मला विचारायला हवं होतंस, असं ती म्हणाली, ते खरं आहे. मी तिला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं आणि ती नको म्हणाली असती, तरीही मी त्या कागदावर सही केली नसती. हे तिला कुणी गोड करून सांगू नका. मीच सांगणार आहे, समोर बसून. मग तिला जितके दिवस बोलायचं नसेल तितके दिवस तिनं बोलू नये. मी त्याच घरात असेन.

तुझी धाकटी बहीण,
रागासकट